जपून ठेवलेल्या कड्या

"जगात कुठेही जा, झाडू असतोच! आणि जिथे झाडू आहे, तिथे आपल्याला काम आहे!"

हे वाक्य जपूनताईने सासरी, सगळे नातेवाईक जमलेले असताना, चहाचा कप खाली ठेवता ठेवता फेकलं आणि बैठकीत अशी शांतता पसरली, की कपातल्या साईला सुरकुती पडल्याचं ऐकू यावं!

जपूनताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कॉलेजात वसतिगृहातल्या मैत्रिणींनी ठेवलेलं. कारण तिच्या प्रत्येक वाक्याला 'जपून' हे शेपूट असायचंच. "पायरी ओली आहे, जपून." "दूध गरम आहे, जपून." एका मैत्रिणीला लग्नाच्या शुभेच्छा देतानाही ती "जपून गं!" म्हणून गेली होती. ती मैत्रीण आजही म्हणते, तेव्हाच ऐकायला हवं होतं.

तर अशी ही बाई, पदरात तीन वर्षांची पोर, आणि म्हणत होती की आता आम्ही जग फिरणार! थोडे दिवस परदेशात मिळेल ते काम करायचं, त्या पैशांवर पुढचे थोडे दिवस भटकायचं, पैसे संपले की पुन्हा काम, पुन्हा भटकंती. वर्ष, दीड वर्ष, जमेल तितकं.

सासूबाईंनी सुनेकडे नखशिखान्त पाहिलं. "अगं, तू गल्लीच्या टोकाला जाताना गॅस बंद केलाय का बघायला तीनदा परत येतेस. जगाच्या टोकाला गेल्यावर किती वेळा परत येशील?"

"होईल गं आई सगळं नीट," नवरा म्हणाला. तो प्रत्येक बाबतीत एवढंच म्हणतो. घराचं छत गळत असो, पोरीला ताप असो, नोकरी जाण्याची वेळ येवो, "होईल नीट!" म्हणून त्याचं नाव होईलराव. लग्न जमवताना कुणी पत्रिका पाहिली होती की नाही ठाऊक नाही, पण एकाने सगळी काळजी करायची आणि दुसऱ्याने अजिबात करायची नाही, हा हिशेब मात्र तंतोतंत जुळला होता.

या बेतामागचं खरं कारण जपूनताईने फक्त होईलरावांना सांगितलं होतं. एका संध्याकाळी बागेतल्या घसरगुंडीवर पोरगी चढली. पोरगी म्हणजे भिंगरी. जागेपणी कधी एका जागी उभी दिसली नाही म्हणून भिंगरी! तर ही भिंगरी घसरगुंडीच्या टोकावर पोचली, थांबली, मागे वळून आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, जपून ना?" आणि आल्या शिडीने एकेक पायरी मोजत खाली उतरली.

जपूनताईला वाटलं, माझे डोळे घे म्हटलं असतं, नाक घे म्हटलं असतं, पण माझी भीती? ती हिला कशाला द्यायची? भित्र्या माणसाने एकदम उडी मारली की ती नेहमी जरा जास्तच लांब पडते. दुसऱ्या दिवशी तिने पारपत्राचे फोटो काढून आणले.

आणि खरं सांगायचं तर झाडूचा सिद्धान्त पहिले सहा महिने सोळा आणे खरा ठरला! होईलरावांनी एका बंदरावरच्या खानावळीत भांडी घासली, जपूनताईने एका लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींच्या घड्या घातल्या, मग दोघांनी मिळून काचेच्या भल्यामोठ्या शेडमध्ये टोमॅटो खुडले. जिथलं काम संपे, तिथला मालक पुढच्या गावच्या कुणाला तरी फोन करी. "माणसं चांगली आहेत. पोरगी गोड आहे. ठेवून घे." ओळख ना पाळख, पण प्रत्येक वेळी कुणीतरी फोन उचलायचं आणि म्हणायचं, "पाठव!" जपूनताई मनातल्या मनात त्या सगळ्यांना हात जोडायची. आणि हात मोकळे झाले की खिडक्यांच्या खिट्ट्या तपासायची.

अशा फोनाफोनीतूनच ती मंडळी त्या तळ्याकाठच्या गेस्ट हाऊसमध्ये येऊन पोचली.

मालकीणबाई अंगाने ऐसपैस, आणि आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. रागावल्या तरी तोच आवाज, लाड केले तरी तोच. त्यामुळे आपल्याला झापलं की गोंजारलं, हे जपूनताईला दोन-दोन दिवस कळत नसे. काम सोपं होतं. हंगाम सुरू होण्याआधी होईलरावांनी सगळ्या दारांना हिरवा रंग द्यायचा आणि जपूनताईने खोल्या झाडून-पुसून, पलंग घालून तयार ठेवायच्या.

"काम आवडलं, तर माझ्या धाकट्या बहिणीला फोन करीन," मालकीणबाई पहिल्याच दिवशी गरजल्या. "शेजारच्या देशात तिची सफरचंदांची बाग आहे. तोडणीला माणसं लागतात. राहायला खोली, पोरीला मोकळं रान!"

"आणि नाही आवडलं तर?" जपूनताईने घाबरत विचारलं.

"फोन माझ्याकडे एकच आहे," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि तो पोलिसांनाही लागतो!"

त्यावर त्या हसल्या की नाही हे आवाजावरून कळलं नाही.

सफरचंदांचं काम मिळणं भागच होतं. जवळचे पैसे आटत आले होते. बाग मिळाली तर पुढचा समुद्र, पुढचे डोंगर, सगळं मिळणार होतं. नाही मिळाली तर परतीची तिकिटं. तिकडे सासूबाईंनी तर व्हिडिओ कॉलवर दाखवलंच होतं, "ही बघ, भिंगरीची गादी उन्हात टाकलीय. कधीही या. मी काही म्हणणार नाही." जी बाई 'काही म्हणणार नाही' असं आधीच म्हणते, ती काय काय म्हणणार आहे, हे कुठल्याही सुनेला विचारा!

गेस्ट हाऊसमध्ये खाली दोन बाथरूम, दोन संडास. वर दोन बाथरूम, दोन संडास. आठ दारं, आणि प्रत्येकाला आतून सरकवायची एक-एक कडी. कड्या जुन्या होत्या आणि कोण जाणे कुठल्या बुटक्या सुताराने बसवल्या होत्या, पार कमरेच्या उंचीवर. म्हणजे आपल्या कमरेच्या. भिंगरीच्या नाकासमोर!

व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच आठवड्यात भिंगरी खालच्या बाथरूममध्ये शिरली आणि आतून आवाज आला, "आई! कडी लागली!"

"मग उघड बाळा!"

"कडी फक्त लागते!"

पुढे जे झालं त्यात भिंगरी कमी रडली आणि आई जास्त. होईलराव "होईल, होईल" करत खिडकीतून आत उतरले, तोवर जपूनताईने दाराशी बसून सगळ्या देवांना काय काय कबूल केलं होतं, ते फेडायला सात पिढ्या पुरल्या नसत्या. दार उघडलं तेव्हा भिंगरी बादलीत बसून टमरेलाशी गप्पा मारत होती.

पण जपूनताईचा निश्चय झाला होता. दुपारी नवरा रंगाच्या शिडीवर आणि मालकीणबाई गाद्या खरेदीला तालुक्याच्या, म्हणजे तिकडच्या तशाच एका मोठ्या गावी गेलेल्या असताना तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि आठही दारांच्या कड्या काढून टाकल्या! पाहुणे यायला अजून दोन दिवस होते. ते यायच्या आदल्या दिवशी परत बसवू, असा तिचा साधा, सरळ, बिनतोड विचार होता.

कड्या आणि त्यांचे स्क्रू तिने एका रुमालात बांधून कपाटावर ठेवले. पण भिंगरी खुर्चीवरून कपाटावर पोचते, हे आठवून तिथून काढून पिठाच्या डब्यामागे ठेवले. पिठाच्या डब्यामागे भिंगरीने मागच्या आठवड्यात बाहुली लपवली होती, म्हणून तिथून काढून चादरींच्या थप्पीत. चादरींच्या थप्पीवर भिंगरी झोपते. स्क्रू नाकात गेला तर? तिथूनही काढले आणि अगदी, अगदी सुरक्षित जागी ठेवले. इतक्या सुरक्षित, की मनाला एकदम गार वाटलं. त्या गारव्यात तिला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"ऐक!" मालकीणबाईंचा भोंगा. "घाटातल्या रस्त्याचं काम उद्यापासून सुरू होतंय, रस्ता बंद! म्हणून पाहुणे आजच निघालेत! तासाभरात पोचतील! मी गाद्या घेऊन संध्याकाळी येते! दोनच गोष्टी सांभाळ, गरम पाणी आणि शांतता! मौन शिबिरवाले आहेत! तीन दिवस शब्द नाही बोलत! दरवर्षी येतात, माझा निम्मा हंगाम त्यांच्यावर चालतो!"

फोन ठेवल्यावर जपूनताई पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हरकडे धावली. तो जागेवर होता. मग ती कड्यांकडे धावली. म्हणजे धावायला निघाली, आणि मधेच थांबली. कुठे धावायचं?

"अहो! कड्या कुठे ठेवल्या मी?"

"कुठल्या कड्या?" होईलरावांनी ब्रश हातात धरून विचारलं. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अगं, पण काढायच्या कशाला? त्याच कड्या वर बसवायच्या होत्या! पोरीचा हात पोचणार नाही इतक्या वर!"

कॉलेजात विज्ञान शाखेत पहिला वर्ग मिळवलेल्या बाईला एवढं सुचू नये!

"ते नंतर! आधी शोधा!"

कपाटावर पाहिलं, पिठाचा डबा उपसला, चादरींची थप्पी उलगडली. गाद्यांखाली, चुलीमागे, बुटांत, फ्रिजमध्ये! होईलरावांनी तर रंगाच्या डब्यातही काठी फिरवून पाहिली.

"औषधांच्या पिशवीत?"

"काहीतरीच काय! गंजक्या कड्या औषधांत कोण ठेवेल? जंतू!"

"होईल. सापडतील," होईलराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा बारीक आला होता.

तेवढ्यात दारात बस उभी राहिली. बायका-पुरुष मिळून वीसेक मंडळी उतरली आणि एकाच्याही तोंडून ब्र नाही. बसचं दार तेवढं किंचाळलं. सगळ्यांत शेवटी उतरले त्यांचे शिबिरप्रमुख. उंच, सडसडीत, पांढरी दाढी, हातात पितळी घंटी. चेहरा असा, की त्यांच्यासमोर शिंकायचीही परवानगी काढावी.

"घंटीकाका!" भिंगरीने तिथल्या तिथे नामकरण करून टाकलं.

जपूनताई पुढे झाली. खरं बोलून मोकळं व्हावं, असं तिने ठरवलं होतं. "नमस्कार, या, एक छोटीशी अडचण आहे. ते बाथरूमच्या..."

घंटीकाकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाही, म्हणजे मी फक्त एवढंच सांगत होते, की दारांना..."

बोट तसंच. वर डोळे मिटले. डोळे मिटलेल्या माणसाला खुणेनेही काही सांगता येत नाही! जपूनताई हात हवेत सरकवत कडीचा अभिनय करत राहिली आणि पाहुण्यांना वाटलं, ही इथली स्वागताची रीत असावी. एक-दोघांनी तिला उलट तसाच हात करून दाखवला.

आता विचार करा. वीसेक माणसं, लांबचा प्रवास करून आलेली, गरम पाणी तयार, आठ दारं, एकालाही कडी नाही. एरवी काय बिघडतं? बाहेरच्याने टकटक करावी, आतल्याने "आहे!" म्हणावं. पण इथे आतला बोलणार नाही आणि बाहेरचाही बोलणार नाही!

पहिला प्रसंग पाचच मिनिटांत घडला. एक गुबगुबीत गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून वरच्या बाथरूममध्ये शिरले. आत एक चष्मेवाल्या बाई, एरवी नक्कीच कुठल्यातरी शाळेच्या हेडबाई असणार, दात घासत होत्या. दोघांनी तोंडं उघडली, दोघांनी हात वर केले, दोघं भिंतीला चिकटली आणि आवाज मात्र शून्य! जिन्यातून पाहणाऱ्या जपूनताईला वाटलं, आपले कान गेले!

"दात घासत होत्या म्हणून बरं," होईलराव कुजबुजले. "पुढच्या वेळी काय करत असतील सांगता येत नाही."

जपूनताईला एकदम माहेर आठवलं. तिथे चप्पल दाराबाहेर असली की आत माणूस आहे हे ठरलेलं! तिने लगेच प्रत्येक दाराशी उभं राहून खुणा केल्या: चप्पल काढा, इथे ठेवा, आत जा. दुसऱ्याने चप्पल पाहिली की थांबा. मंडळी हुशार. लगेच समजली. दहा मिनिटं कारभार इतका सुरळीत चालला, की जपूनताईला स्वतःचं कौतुक वाटू लागलं.

पण तिची पोरगी तिथेच होती ना! भिंगरीला जगात दोनच गोष्टींचं वेड, पाणी आणि दुसऱ्यांच्या चपला. तिने खालच्या मजल्यावरच्या सगळ्या चपला गोळा केल्या आणि वरच्या मजल्यावर एका रिकाम्या संडासापुढे आगगाडीसारख्या मांडल्या. परिणाम असा, की त्या रिकाम्या संडासाबाहेर सहा माणसं पाय आवळून अदबीने उभी, आणि खाली भरलेल्या बाथरूममध्ये लोक बिनधास्त शिरतायत! गुबगुबीत गृहस्थ पुन्हा बरोबर हेडबाईंच्याच बाथरूममध्ये! या वेळी बाईंनी साबण फेकून मारला. नेम अचूक. नक्कीच हेडबाई.

मग घंटीकाकांनी स्वतः सूत्रं हाती घेतली. बोलायचं नव्हतंच. त्यांनी आपली घंटी त्या गुबगुबीत गृहस्थांच्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, आत असेपर्यंत वाजवत राहा. युक्ती नामी होती. फक्त एक गोष्ट घंटीकाका विसरले. शिबिरात घंटी वाजली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून जमायचं आणि मांडी घालून ध्यानाला बसायचं, ही त्यांचीच शिस्त, कित्येक वर्षांची!

घंटी वाजली. घरभरातून माणसं उठली. डोकी ओली, अंगावर टॉवेल, एकाच्या गालावर अर्धा साबण, आणि सगळी निमूटपणे त्या बाथरूमसमोर अर्धवर्तुळात मांडी घालून डोळे मिटून बसली! आतले गृहस्थ घंटी थांबवायला तयार नाहीत, कारण थांबवली तर कुणी आत येईल. बाहेरचे उठायला तयार नाहीत, कारण घंटी थांबल्याशिवाय उठायचं नाही. अखेर गृहस्थांनी दार किलकिलं केलं, समोर ध्यानस्थ जनसमुदाय पाहिला आणि दार परत लोटून घेतलं. शेवटी घंटीकाकांनी फटीतून हात घालून घंटी काढून घेतली, तेव्हा कुठे मंडळी उठली.

"आता?" होईलराव म्हणाले.

"आता पहारा!" जपूनताईने कंबर कसली. "तुम्ही वर बसा, मी खाली."

दोघं दोन मजल्यांवर स्टूल टाकून बसली. पण कुठलं रिकामं, कुठलं भरलेलं, हे एकमेकांना कळवायला हवं की नको?

"खालचं दुसरं रिकामं!"

"वरच्या पहिल्यात अंघोळ चाललीय!"

"तिसरं थोडा वेळ लावणार असं दिसतंय!"

ज्या घरात टाचणी पडू नये, तिथे भाजी मंडईसारख्या आरोळ्या! अंघोळ उरकून ध्यानाला बसलेल्यांपैकी एकाचे खांदे हलायला लागले. मग दुसऱ्याचे. घंटीकाकांनी डोळे वटारले तसे हलायचे थांबले, पण हसू एकदा पोटात शिरलं की गॅससारखं असतं. कुठून तरी निघणारच!

संध्याकाळी घंटीकाका स्वतः खालच्या बाथरूममध्ये गेले. पहाऱ्यावर जपूनताई होती. तिला वाटलं, आता या थोर माणसाच्या बाबतीत तरी चूक नको. आणि नेमकं त्याच वेळी दूध उतू जाण्याचा वास आला! ती क्षणभर स्वयंपाकघरात धावली. परत आली तेव्हा भिंगरी त्या दाराला दोन्ही हात लावून ढकलत होती.

"काका, उघडू?"

आत शांतता.

"काका, मी येऊ?"

आत पाण्याची धार थांबली. दार हळूहळू आत सरकायला लागलं. इतका वेळ ओरडणाऱ्या बाईला आत्ताच मौन लागलं! आणि तेवढ्यात आतून आवाज आला. आधी बारीक, मग मोठा, मग घाबरून चढत गेलेला, "हंऽऽऽ... हंऽऽहंऽऽऽऽ!"

घंटीकाका गुणगुणत होते! बोलणं नव्हे, शब्द नाही, नियम मोडला नाही, पण आत माणूस आहे हे साऱ्या पंचक्रोशीला कळावं असं भरघोस, बेसूर गुणगुणणं!

भिंगरी जागच्या जागी थांबली. कान देऊन ऐकलं. मग वळून अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई! घंटीकाकांना शी होत नाहीये!"

धरण फुटलं! हेडबाई भिंतीला टेकून खाली बसल्या, गुबगुबीत गृहस्थांनी डोळे पुसायला शेजारच्याचा टॉवेल ओढला, दिवसभर गिळलेलं हसू वीस तोंडांतून एकदम बाहेर पडलं. खिडक्यांची तावदानं थरथरली. आणि त्या गदारोळात मुख्य दार उघडून, पाठीवर गादी घेतलेल्या मालकीणबाई आत आल्या.

"हे मौन शिबिर आहे?" भोंगा वाजला.

एकदम सगळं शांत. जपूनताईला डोळ्यांसमोर सफरचंदाची झाडं एकेक करून मावळताना दिसली आणि त्यांच्या जागी उन्हात टाकलेली गादी. ती पुढे झाली, आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. भिंगरी कोंडली ते, कड्या काढल्या ते, जपून ठेवल्या ते, आणि कुठे ते आठवत नाही ते. "चूक सगळी माझी आहे. यांची नाही. पोरीची तर नाहीच. तुमचं नुकसान मी भरून देईन, फक्त..."

बाथरूमचं दार उघडलं. घंटीकाका बाहेर आले. त्यांनी दाढीवरचं पाणी निथळवलं, घसा साफ केला आणि चक्क बोलले!

"कित्येक वर्षं मी हे शिबिर घेतोय, बाई. पहिल्या दिवशी दुपारी निम्मे लोक बसल्या बसल्या झोपतात. आज एक माणूस झोपलेला नाही. झोपायची सोयच नव्हती!" त्यांनी हेडबाईंकडे आणि गुबगुबीत गृहस्थांकडे पाहिलं. "एकमेकांकडे न बघणारी माणसं आज सकाळपासून एकमेकांना दारात सांभाळतायत. उद्यापासून पुन्हा मौन. आज राहू द्या."

मालकीणबाईंनी गादी खाली टाकली. जपूनताईकडे वळल्या.

"या घरात लोक आले, काचा फोडून गेले. चादरी पळवून गेले. एकाने तर नळ नेला! पण बाथरूमच्या कड्या लंपास करणारी तू पहिली!"

आणि हसल्या. हसल्याच! त्या दिवशी जपूनताईला कळलं, की हसताना त्यांचा भोंगा मधे मधे तुटतो. एवढाच काय तो फरक, पण तो ओळखता आला की सगळं सोपं होतं.

रस्ता दोन दिवसांत सुरू झाला आणि नव्या कड्या आल्या. होईलरावांनी त्या इतक्या वर बसवल्या, की हेडबाईंना स्टूल घ्यावं लागलं. आणि जाताना मालकीणबाईंनी जपूनताईसमोरच बहिणीला फोन लावला.

"बाई सोन्यासारखी आहे. पोर हिऱ्यासारखी. नवरा... नवरा रंग बरा देतो. पाठवतेय. फक्त एक लक्षात ठेव, बाईला काही जपून ठेवायला देऊ नकोस!"

जपूनताईला रडू आलं. या बाईचे आपण कोण? आणि तरी आपल्यासाठी ही फोन उचलते. त्या एका फोनवर पोरीच्या वाट्याला अख्खी बाग येणार होती. ती वाकून नमस्कार करायला गेली, तर मालकीणबाईंना वाटलं तिला चक्कर आली. त्यांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं आणि पाणी पाजलं.

सफरचंदाची बाग सांगितली होती तशीच होती. धाकट्या बहिणीचा आवाजही तसाच, फक्त अर्ध्या पट्टीने खाली. खोली दाखवताना ती म्हणाली, "बाथरूमला कडी नाही हं! कधीची तुटलीय. बसवू, बसवू म्हणता राहूनच जातं."

होईलराव खोकायला लागले.

तिसऱ्या दिवशी भिंगरीला सर्दी झाली. गेस्ट हाऊस सोडेपर्यंत पोरीला साधी शिंक आली नव्हती, म्हणून औषधांची पिशवी कुणी उघडलीच नव्हती. जपूनताईने ती उघडली, कडू औषधाची बाटली बाहेर काढली आणि बाटलीखाली तिच्या हाताला एक रुमाल लागला. जड. खुळखुळणारा.

सगळं लख्ख आठवलं. भिंगरी जगातल्या यच्चयावत वस्तूंना हात लावते, पण त्या कडू औषधाची पिशवी पाहिली की घर सोडून पळते! यापेक्षा सुरक्षित जागा कुठली?

"म्हणजे आपण परदेशातून परदेशात कड्यांची तस्करी केली!" होईलराव म्हणाले.

"हळू बोला! आजच टपालाने परत पाठवते. आणि पत्रात माफी मागते."

"पाठव. पण एक इथे बसवू. गरज आहे. त्यांना नंतर सांगू. होईल."

जपूनताई "वर, अजून वर!" म्हणत राहिली, पण दाराला जुनी भोकं होती तिथेच ती चपखल बसली. कमरेच्या उंचीवर. धाकटी बहीण तर हरखून गेली. "अगं, तू कड्या बरोबर घेऊन फिरतेस? काय बाई आहेस!" आणि जपूनताई कबुलीजबाबासाठी तोंड उघडते न उघडते, तोच तिने थोरलीला फोन लावून मधोमध टेबलावर ठेवला. "ताई, तू पाठवलेली ही बाई हुशार हं! स्वतःजवळची कडी काढून बसवली बाथरूमला!"

पलीकडून भोंगा. "कडी? कशी आहे कडी?"

"जुनीच आहे. पण मजबूत!"

"कोपऱ्याला हिरवा रंग लागलाय का बघ!"

जपूनताईने त्या क्षणी जे मौन धरलं, ते घंटीकाकांनी पाहायला हवं होतं.

आणि तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला.

"आई! कडी लागली!"

होईलराव खिडकीकडे धावले. धाकटी बहीण हातोडा शोधायला लागली. जपूनताई दाराशी जाऊन बसली. काळीज नेहमीसारखंच धडधडत होतं, पण तोंडातून शब्द भलतेच बाहेर पडले. "गाणं म्हण बाळा. आणि म्हणता म्हणता कडी मागे ओढ. येईल."

आतून गाणं ऐकू आलं. बेसूर, घंटीकाकांच्या चालीवर. "हंऽऽ हंऽऽ." मग कुरकुर. मग खट्!

दार उघडलं. भिंगरी नाक ओढत बाहेर आली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नको ना आई. कडी उघडते पण!"

जपूनताईने तिला असं घट्ट कवटाळलं, की पोरगी गुदमरली. डोळ्यांतून धारा, ओठांवर हसू, आणि मनात सगळ्या फोन उचलणाऱ्यांची रांग. भांडीवाला मालक, लॉन्ड्रीवाली, टोमॅटोवाला, आणि टेबलावरच्या त्या फोनातली ऐसपैस बाई.

ती बाई अजून फोनवरच होती.

"ते सगळं ठीक आहे!" टेबलावरून भोंगा वाजला. "पण हिरवा रंग आहे की नाही, ते सांगा आधी!"